डाव्या हाताची टेप

आमच्या दुकानावर एक पाटी होती. जाड लाकडी फळी, तिला पिवळा रंग आणि त्यावर बाबांनी स्वतः रंगवलेली काळी अक्षरं: 'येथे केलेले काम परत आल्यास दुकान कायमचे बंद करण्यात येईल. दुपारी एक ते चार काहीही विचारू नये.'

पुण्यात पाट्यांना काय तोटा! लोक वाचायचे, हसायचे आणि गाडी आत घ्यायचे. पण घरात आम्हाला पक्कं माहीत होतं की हा माणूस खरंच तसं करणार. बाबा गाड्यांची वायरिंग करायचे. सुरुवातीला सदाशिव पेठेत एका बोळाच्या तोंडाशी स्कूटरी दुरुस्त करायचे. पुढे शहरात चारचाकी वाढल्या तसे कर्वेनगरला एक शटर घेऊन आले. मी शाळेत असताना एकदा एक गिऱ्हाईक हॉर्न वाजत नाही म्हणून तिसऱ्याच दिवशी परत आलं. बाबा उठले. आत गेले, शटर खाली ओढलं आणि बसले. आई डबा घेऊन बाहेर उभी. "अहो, उघडा, भाजी गार होतेय." आतून उत्तर, "दुकान बंद झालंय." शेवटी गिऱ्हाइकाचा मुलगा कबूल झाला की रेडिओ बसवायला म्हणून त्यानेच ती वायर तोडली होती. तेव्हा कुठे शटर उघडलं. आई त्यांना वाढताना म्हणाली, "उद्या खरंच तुमची चूक निघाली तर?" बाबा म्हणाले, "तर तू भाजी शटरच्या फटीतून सरकव."

असे होते. तिरसट म्हणा, हट्टी म्हणा, दोन्ही चालेल. मीही त्यांच्यावरच गेले आहे, असं माझा नवरा म्हणतो. त्याला काय कळतंय!

बाबा डावरे होते. प्रसाद उजव्या हातात घ्यायचे, नमस्काराला दोन्ही हात जोडायचे, बाकी सगळं डाव्यानं. वायर तुटली असेल तर दोन्ही टोकं सोलून, पीळ देऊन ते सोल्डर करायचे आणि वर काळी टेप गुंडाळायचे. बाकीच्या साऱ्या जगाची टेप एका बाजूनं वळते, बाबांची उलट्या बाजूनं. कर्वेनगर ते कोथरूड कुठल्याही मेकॅनिकनं गाडी उघडली आणि उलट्या वळणाची टेप दिसली, की तो म्हणायचा, हे काकांचं काम, इथे बघायची गरज नाही, बिघाड दुसरीकडे शोधा. लहानपणी शाळेतून येऊन मी दुकानात गृहपाठ करायचे. तापलेल्या सोल्डरचा तो राळेचा वास आजही कुठे आला, तरी मला पाढे आठवतात. टेप तोडायला बाबा कधी पकड घ्यायचे नाहीत, दातानं तोडायचे. आई ओरडायची. पुढे मीही दातानंच तोडायला लागले, तेव्हा तिनं ओरडणं सोडलं.

मग ते दिवस आले, जेव्हा पुण्यातल्या प्रत्येक घरातलं एक पोर कॉम्प्युटरमध्ये जायला लागलं. आमच्या घरातलं पोर मी. इंजिनिअर झाले, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि सकाळी कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघायला लागले. तिथे माझं काम काय, तर गाड्यांच्या कॉम्प्युटरसाठी बिघाडाचे संदेश लिहायचे. अमुक भागाशी संपर्क तुटला, तमुक भाग उत्तर देत नाही. एसीत बसून मी हे लिहायचे आणि ती गाडी कधी बघायचे नाही. बाबा विचारायचे, "आज काय केलंस?" मी सांगायचे. ते म्हणायचे, "म्हणजे गाडीनं रडायचं कसं, ते तू शिकवतेस आणि डोळे पुसायला मी." मला राग यायचा. आज वाटतं, अगदी बरोबर बोलत होते.

आई अचानक गेली. त्यानंतर बाबा घरात राहीनासे झाले. सकाळी लवकर दुकान, दुपारी एक वाजता शेजारच्या सोसायटीतल्या आमच्या घरी जेवायला आणि झोपायला, चारला परत दुकान. घरात काही बोलायचे नाहीत. दुकानात मात्र गिऱ्हाइकांना टोमणे मारायचे, रेडिओवर गाणं लागलं की शीळ घालायचे. म्हणजे जे काही बाबा उरले होते, ते त्या शटरच्या आत होते. त्याच सुमारास गाड्या बदलल्या. धुराचे नियम कडक झाले, डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीवरसुद्धा सेन्सर आले, आणि स्कॅनर जोडल्याशिवाय काही सांगता येईना. बाबा एकदा सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "तुझे ते रडके संदेश आता आमच्या दारात यायला लागलेत." मी नोकरी सोडली. लोकांनी वेड्यात काढलं. मामा म्हणाला, "एवढी शिकलीस ती गाडीखाली झोपायला?" मी म्हटलं, "तू एवढा शिकलास तो इतरांचं काम बघायला का?" तेव्हापासून मामा जपून बोलतो.

आता त्या गाडीबद्दल सांगते. तो ड्रायव्हर यवतमाळकडचा, कर्वेनगरात भाड्यानं राहायचा. स्वतःची बारा सीटर डिझेल गाडी घेतली होती त्यानं, आणि सकाळ-संध्याकाळ कॉम्प्युटरवाल्या पोरांची ने-आण करायचा. बाबांवर त्याचा फार जीव. सहा-एक महिन्यांपूर्वी पार्किंगमध्ये उंदरांनी त्याच्या गाडीखालच्या वायरी कुरतडल्या होत्या, त्या बाबांनी दोन दिवस बसून एकेक करून जोडून दिल्या होत्या. आता तो आला तो वेगळीच तक्रार घेऊन. गाडी सुरू केली की ठीक. चांदणी चौकाचा चढ लागला की समोरचा इशाऱ्याचा दिवा पेटायचा आणि गाडीचा जोर जायचा. आत पोरं घड्याळ बघत बसलेली.

"मले काई समजून नाई राह्यलं मॅडम," तो म्हणाला. "सकाळी मस्त चालते, चढावर गेली की रुसते."

बाबांनी बॉनेटमध्ये डोकावून बघितलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे कॉम्प्युटरचं दुखणं आहे. डॉक्टरीणबाई बघतील." आणि एक वाजला म्हणून घरी गेले.

मी स्कॅनर लावला. संदेश आला, तो वाचून मला हसूच आलं. सायलेन्सरच्या तापमान सेन्सरशी संपर्क तुटला. अगदी असलीच वाक्यं मी वर्षानुवर्षं लिहिली होती. लोकांना वाटतं, याचा अर्थ सायलेन्सर फार तापला. तसं नाही. याचा अर्थ एवढाच, की गाडीचा मुख्य कॉम्प्युटर विचारतोय, किती तापलंय रे? आणि पलीकडून कुणी बोलतच नाही. या सेन्सरला स्वतःचा एक छोटा मेंदू असतो आणि चार वायरी. एक वीज आणते, एक अर्थिंगची, आणि उरलेल्या दोन निरोपाच्या. त्या दोघी एकमेकींना वेणीसारखा पीळ घालून जातात.

वीज बघितली, येत होती. अर्थिंग ठीक. निरोपाच्या दोन्ही वायरींना मीटर लावला, आकडा हवा तसाच. गाडीतले बाकीचे सगळे सेन्सर आपापसात व्यवस्थित बोलत होते, म्हणजे मोठ्या रस्त्यावर काही अडलेलं नव्हतं. जे काय होतं, ते या एकट्या सेन्सरच्या गल्लीत होतं. सेन्सर दुसऱ्या एका गॅरेजात नवा बसवून झालेला, तरी दिवा पेटतच होता. म्हणजे उरली ती वायर. पण थंड गाडीत वायर साळसूद होती. तिला तापवल्याशिवाय ती काही कबूल करणार नव्हती.

"चला, चढावर जाऊ," मी म्हटलं. त्याला संध्याकाळच्या फेरीपर्यंत वेळ होता.

मी हत्यारांची पिशवी मागे टाकली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी बसले. पडद्यावर सायलेन्सरचं तापमान वाढताना दिसत होतं. पौड रस्ता संपला, चांदणी चौकाचा चढ लागला, आकडा वर, आणखी वर, आणि एकदम आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. त्याच क्षणी समोर दिवा पेटला. "घ्या, रुसली," ड्रायव्हर म्हणाला. पुढे रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली गाडी घेतली, इंजिन चालूच ठेवलं. खाली सगळं भाजत होतं, हात लावायची सोय नाही. त्याच्याकडे सीट झटकायची एक काठी होती, ती घेऊन मी पालथी झाले आणि वायरींचा जुडगा सेन्सरच्या कपलरपासून, म्हणजे प्लगसारख्या जोडापासून, मागे मागे ढोसत गेले. "आकडा आला की ओरडा," असं त्याला सांगून ठेवलं होतं. एका जागी ढोसलं, आणि तो आतून ओरडला, "आला! आला मॅडम! गेला. परत आला!"

सापडलं. वीतभर जागा. इंजिन बंद केलं आणि थंड व्हायची वाट बघत आम्ही त्या झाडाखाली बसलो. त्यानं कुठून तरी चहा आणला. मी मनातल्या मनात खूश होते, बाबांना चार वाजता कसं रंगवून सांगायचं, ते ठरवत होते.

मग खाली सरकले, टॉर्च लावला. त्या वीतभर जागेवर टेप होती. उलट्या वळणाची.

 उंदरानं कुरतडलेल्या त्या वायरी. त्यांत ह्याही वायरी होत्या, बाबांनी जोडलेल्या. माझ्या कसं लक्षात आलं नाही? आलं असेलही. बाबांचं काम आहे म्हणून ती जागा मी मनातून आधीच वगळली असेल, गल्लीतले सगळे मेकॅनिक वगळायचे तशी.

टेप कापली. आत चारही सांधे शेजारी शेजारी, चकचकीत, एकही टोक बाहेर नाही. इतकं देखणं काम मी आजवर दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. बाबांनी त्या दोन निरोपाच्या वायरींचा पीळसुद्धा उलगडून, विंचरल्यासारख्या सरळ करून लावल्या होत्या. त्यांना गबाळेपणा खपायचा नाही. आणि त्यातल्याच एका वायरीला, सोल्डर जिथे संपतं तिथे, केसाएवढी चीर गेली होती. सोल्डरनं वायर तिथे कडक होते. खाली सायलेन्सरची धग, वर दिवसभराचे हादरे. थंड असताना टोकं एकमेकांना टेकून राहायची, तापली की सुटायची. जुन्या गाड्यांत तो सांधा गाडी भंगारात जाईपर्यंत टिकला असता. इथे सोल्डर नकोच होतं, दाबून बसवायची पुंगळी हवी होती. हातांचं काही चुकलं नव्हतं. त्या हातांनी जे आयुष्यभर बरोबर केलं, तेच त्यांनी इथे केलं होतं.

पण पाटीवर असं काही लिहिलेलं नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं, काम परत आल्यास. आणि काम परत आलं होतं. हे बाबांना कळलं असतं, तर चार वाजता शटर वर गेलंच नसतं. आणि शटर बंद म्हणजे बाबा घरात, आईच्या फोटोसमोर, गप्प. ते मी पाहिलं होतं. त्या घरात ते किती दिवस काढतील, याचा मला अंदाज होता. गाडीखाली पडल्या पडल्या मला रडू आलं. डोळ्यांत आधीच माती गेली होती, ते बरंच झालं.

नवीन वायर घातली, पुंगळ्या दाबल्या, उष्णता सोसणारी नळी चढवली, निरोपाच्या वायरींना परत पीळ दिला. मग टेप हातात घेतली, आणि डाव्या हातात धरली. माझा डावा हात म्हणजे नुसता शोभेचा. गुंडाळावी तर सुटायची, ओढावी तर चुरगळायची. तरी उलट्या बाजूनं, बाबांसारखी गुंडाळली आणि दातानं तोडली. ड्रायव्हर शेजारी उकिडवा बसून हे सगळं बघत होता. त्याला काय कळायचं ते कळलं असणार, सहा महिन्यांपूर्वी बाबांचं काम बघत तो असाच तर बसला होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "मी काई पाह्यलं नाई मॅडम."

चढ पुन्हा दोनदा चढून बघितला. आकडा गेला नाही, दिवा पेटला नाही. चारच्या आत आम्ही दुकानापाशी होतो.

बाबांनी शटर उघडलं, चहा ठेवला. "काय निघालं?"

"कपलरला गंज."

"गंज?" ते ड्रायव्हरकडे वळले. "काय रे, गंज होता?"

"होता न काका. मस्त हिरवा हिरवा."

"बरं," बाबा म्हणाले, आणि गाळणी शोधायला लागले. मला वाटलं, सुटलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या दुकानात हत्यारांची पूजा असायची. पकडी, मीटर, सोल्डरची पेन, हल्ली माझा लॅपटॉपसुद्धा, सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. बाबांची जुनी गिऱ्हाइकं त्या दिवशी गाडी धुऊन आणायची, आणि बाबांचा एक नियम होता, पूजेआधी प्रत्येक गाडीखाली स्वतः जाऊन एकदा नजर टाकायची. वर्षातून एकदा देवानं खालूनही बघावं, असं म्हणायचे. तो यवतमाळचा ड्रायव्हर गाडीला हार घालून आला. बाबा गाडीखाली गेले. बाकीच्या गाड्यांखालून ते पटकन बाहेर यायचे. या गाडीखाली त्यांचे पाय नुसते दिसत राहिले. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, मी हातातल्या फुलांकडे.

बाबा बाहेर आले. कपडे झटकले, गाडीला गंध लावलं, नारळ फोडला, खोबरं वाटलं. मला खोबरं देताना माझ्याकडे बघितलं नाही.  संध्याकाळी म्हणाले, "उद्या मी लवकर जातो. तू ये सावकाश."

दसऱ्याच्या सकाळी मी पोहोचले, तर शटर खाली. आतून ठोकल्याचे आवाज येत होते. आणि शटरच्या वर, जिथे पाटी असायची, तिथे नुसते दोन खिळे आणि भिंतीचा एक न भिजलेला, पांढरा चौकोन.  आवरतायत, असंच मला वाटलं. खिळे काढतायत, सामान खोक्यात भरतायत. मी शटर वाजवलं. "बाबा! बाबा, उघडा!"

"वाजवू नकोस, शटरचा रंग पडेल," आतून आवाज आला. "वर कर, उघडंच आहे."

शटर वर केलं. बाबा खाली जमिनीवर बसले होते, पाटी त्यांच्यासमोर आडवी, आणि तिच्या अक्षरांच्या बाजूला ते चार छोटी चाकं ठोकत होते. उलटी केली की अक्षरं जमिनीकडे, कोरी बाजू वर. ज्याच्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकायचं, तसला पाट.

"हे काय?" मी विचारलं. 

"गाडीखाली पोतं घालून झोपतेस. पाठीला गारवा लागतो." त्यांनी शेवटचा खिळा मारला, पाट उलटा-सुलटा करून बघितला. मग बाजूचा वायरीचा तुकडा आणि टेपची रीळ उचलून माझ्यासमोर धरली. "बस. डाव्या हातानं गुंडाळायची तर आधी अंगठ्यानं टोक दाबून धरायचं असतं. त्या गाडीखाली काय बरबटून ठेवलंयस! लोक बघतील, म्हणतील म्हाताऱ्यानं केलंय. माझी बदनामी."

मी बसले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्यांनी त्या पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते त्यांना फार छान जमायचं. बराच वेळ मी गुंडाळत होते आणि ते उलगडत होते. मध्येच म्हणाले, "ती पुंगळी कशी दाबलीस, तेही दाखव मला." मी दाखवलं. त्यांनी दाबून, ओढून बघितलं आणि म्हणाले, "घट्ट आहे." आपट्याचं पान देऊन मी पाया पडले, तेव्हा त्यांनी डोक्यावर डावा हात ठेवला.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं दुकानात आले. सोल्डर जुन्या गाड्यांना, पुंगळ्या नव्यांना, अशी आमची वाटणी झाली होती. कामं कधीमधी परत यायची. बाबा म्हणायचे, "आण, बघू." मग एका हिवाळ्यात, दुपारी एक वाजता घरी गेले ते चारला उठले नाहीत.

दुकान मी चालवते. त्या पाटावर अजून पाठ टेकते. खालची अक्षरं तेलानं आणि धुळीनं पार पुसली गेली आहेत. सोल्डर फारसं लागत नाही, म्हणून राळेचा वासही कमी झाला. पण टेप मी डाव्या हातानंच गुंडाळते, आता त्याशिवाय जमतच नाही.

गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका मेकॅनिकचा फोन आला. नवा आहे, बाबांना त्यानं एकदा-दोनदाच पाहिलेलं. म्हणाला, "ताई, एक गाडी आलीय. खाली उलटी टेप दिसली, म्हणून तिथे हात नाही लावला. काकांचं काम आहे ना ते?"

ती गाडी मी दिवाळीच्या आधी केली होती.

"हो," मी म्हटलं. "काकांचंच आहे. बिघाड दुसरीकडे शोध."